नेट बंद, फोन टॅप, टॉवर ताब्यात: संकटकाळात सरकार काय करू शकतं? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना, ७ मे २०२५ च्या संध्याकाळी इंदुरात ब्लॅकआउटची तालीम झाली. भोंगे वाजले, दिवे मालवले, काही मिनिटांनी परत लागले. माझा फोन मात्र त्यानंतर चार दिवस थांबला नाही. टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजपासून फायबरपर्यंत सगळं पाहून निवृत्त झालेला माणूस म्हटल्यावर रामबागेपासून सुदामा नगरपर्यंतची मंडळी असं काही झालं की मलाच गाठतात. "काका, आता नेटही जाणार का?" हा पहिला प्रश्न, आणि त्यामागून बाकीचे. तेच तेच लिहून बोटं दुखली, म्हणून सगळं एका जागी ठेवतो आहे. मी वकील नाही. कायदा वाचायची सवय नोकरीने लावली, एवढंच. एक उत्तर दुसऱ्यावर टेकलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आणीबाणी जाहीर झाली नसताना सरकार इंटरनेट बंद करू शकतं का?

हो. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण 'आणीबाणी' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो.

पहिली राज्यघटनेतली, कलम ३५२ ची. ती राष्ट्रपती जाहीर करतात आणि आजवर तीनदाच जाहीर झाली: ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा, ३ डिसेंबर १९७१ ला, आणि २५ जून १९७५ ला. २१ मार्च १९७७ नंतर देशात अशी आणीबाणी नाही.

दुसरी दूरसंचार कायद्यातली. आपल्याकडच्या हिंदी सरकारी कागदांत तिला 'लोक आपात' म्हणतात. तिच्यासाठी राष्ट्रपती लागत नाहीत, संसदेची मंजुरी लागत नाही. एखाद्या शहरात दंगल उसळली तरी ती लागू होऊ शकते. गेल्या काही वर्षांत देशात जिथे जिथे नेट बंद झालं, त्यातलं काहीच पहिल्या प्रकाराखाली नव्हतं. घटनेतली आणीबाणी लागली तर आणखी काय बदलतं, ते प्रश्न १५ मध्ये.

२. मग ही 'लोक आपात' म्हणजे नेमकं काय? सरकार म्हणेल ते?

म्हणायला सरकार काहीही म्हणेल. कायद्यात या शब्दाची व्याख्या नाही, त्यामुळे ती कोर्टांनी घडवली.

मला आवडणारा खटला आहे 'हुकमचंद श्यामलाल विरुद्ध भारत सरकार'. नाव वाचून इंदूरकरांना सर हुकुमचंद आणि शीशमहल आठवेल, पण त्यांचा याच्याशी संबंध नाही. हे प्रकरण दिल्लीतल्या व्यापाऱ्यांचं. त्यांच्या टेलिफोनवरून सट्टा चालतो, वायदेबाजार बेकायदा चालतो, म्हणून खात्याने लाइनी तोडल्या. सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर १९७५ ला निकाल दिला. तारीख पाहा: देशात खरीखुरी आणीबाणी चालू होती. तरी कोर्ट म्हणालं की नुसती 'आर्थिक आणीबाणी' म्हणजे आपोआप 'लोक आपात' होत नाही. आणि ज्या अधिकाऱ्याला कायद्याने अधिकार दिलाय त्याने परिस्थिती स्वतः तोलून ठरवायचं. दुसऱ्या कोणाचं समाधान झालं म्हणून याने लाइन तोडायची, हे चालणार नाही. व्यापारी जिंकले.

पुढे डिसेंबर १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या खटल्यात (पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने केलेल्या) कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: अचानक उद्भवलेली, सर्वसाधारण लोकांवर परिणाम करणारी, तातडीने काही करायला लावणारी परिस्थिती म्हणजे लोक आपात. त्याच्या जोडीचा शब्द 'लोक सुरक्षा', म्हणजे लोकांना मोठा धोका नसण्याची स्थिती. शिवाय दोन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट कोणाही शहाण्या माणसाला दिसेल इतकी उघड असायला हवी. गुपचूप मनात धरलेली आणीबाणी चालत नाही.

३. हे सगळं कोणत्या कायद्याने चालतं?

दूरसंचार अधिनियम, २०२३. त्यातली संकटकाळाची कलमं, म्हणजे २० आणि २१, २६ जून २०२४ पासून लागू झाली.

त्याआधी १८८५ चा तार कायदा होता. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तिचा कायदा मात्र त्यानंतर दहा-अकरा वर्षं आपल्या मोबाईलवर राज्य करत होता. १८५० च्या दशकात टाकलेली आग्रा-मुंबई तार इंदूरवरून जायची, आज आपण जिला ए.बी. रोड म्हणतो त्याच वाटेने. १८५७ मध्ये बंडवाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या आणि इंग्रजांनी धडा घेतला की तार ज्याच्या हातात, त्याच्या हातात बातमी. १८८५ च्या कायद्याच्या कलम ५ मध्ये तो धडा उतरला आणि तिथून तो नव्या कलम २० मध्ये आला, बराचसा जुन्याच शब्दांत. घर नवं बांधलं, तुळया जुन्याच.

४. इंदुरात नेट बंद करायचा हुकूम कोण देतं? कलेक्टर की पोलीस आयुक्त?

दोघंही नाहीत. हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

नोव्हेंबर २०२४ च्या 'दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगितीच्या नियमां'नुसार हा अधिकार राज्यात गृह विभागाच्या सचिवाला आणि दिल्लीत केंद्रीय गृहसचिवाला आहे. म्हणजे आपल्यासाठी भोपाळ, वल्लभ भवन, राज्याचं मंत्रालय. गृहसचिवांचा आदेश मिळणं अगदीच अशक्य असेल, तर आधीपासून अधिकार दिलेला सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी आदेश काढू शकतो, पण २४ तासांत त्याला गृहसचिवांची मंजुरी मिळाली नाही तर आदेश आपोआप गळून पडतो. कंपनीपर्यंत तो पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यामार्फत पोचतो. म्हणून लोकांना वाटतं की पोलिसांनीच बंद केलं.

कलेक्टर किंवा आयुक्त काय करू शकतात, तर जमावबंदी. जुनं कलम १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. डिसेंबर २०२१ मध्ये इंदुरात आयुक्तालय आल्यापासून शहरात हा आदेश आयुक्तालयातून निघतो. पूर्वी याच १४४ खाली नेटही बंद व्हायचं. २०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत तसंच झालं होतं आणि गुजरात हायकोर्टाने ते उचलून धरलं. जून २०१७ मध्ये मंदसौरला गोळीबारानंतर नेट गेलं तेव्हाही वेगळे नियम नव्हते. ते पहिल्यांदा आले ऑगस्ट २०१७ मध्ये. त्यामुळे एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये ग्वाल्हेर, भिंड, मुरैन्याला नेट थांबलं, तोवर खेळाचे नियम बदललेले होते.

५. जास्तीत जास्त किती दिवस बंद ठेवता येतं?

एका आदेशाने १५ दिवस. ही मर्यादा नोव्हेंबर २०२० मध्ये आली, आता २०२४ च्या नियमांतही आहे. पण पंधरा दिवस संपले की नवा आदेश काढायला बंदी नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. जम्मू-काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ ला थांबलेलं फोर-जी ५ फेब्रुवारी २०२१ ला परतलं. मणिपुरात मे २०२३ मध्ये बंद झालेलं मोबाईल इंटरनेट, मधले थोडे दिवस सोडले तर, डिसेंबरपर्यंत बंदच होतं. कागदावर प्रत्येक आदेश छोटा, माळ केली की महिने.

या माळेवर नजर ठेवायला पुनरीक्षण समिती असते. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष, सोबत विधी सचिव आणि गृह सोडून दुसऱ्या एका विभागाचे सचिव. आदेश निघाल्यापासून पाच दिवसांत तो योग्य होता का, हे त्यांनी नोंदवायचं. तिघंही सरकारी. बाहेरचा, न्यायाधीश वगैरे, कोणी नाही. संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये या सगळ्याचा अभ्यास केला, तेव्हा देशात कुठे किती वेळा नेट बंद झालं याची नोंद केंद्राकडे ठेवलीच जात नाही, हे तिला आढळलं. आमच्या खात्यात एक डीपी बॉक्स (टेलिफोनच्या तारांची पेटी) उघडला तरी रजिस्टरमध्ये लिहावं लागायचं!

६. आदेश गुप्त असतो का? मला तो बघता येतो?

गुप्त ठेवता येत नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

१० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की नेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, नाहीतर लोक त्यांना आव्हान कसं देणार? बेमुदत बंदी चालणार नाही. उपाय धोक्याच्या प्रमाणात हवा, म्हणजे एका मोहल्ल्यातल्या भांडणासाठी अख्खा जिल्हा अंधारात नको. इंटरनेटवरून बोलण्याचं आणि धंदा करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ च्या छत्राखाली येतं, हेही त्याच निकालात आहे.

२०२४ च्या नियमांनी यातलं बरंच लेखी घेतलं: आदेश प्रसिद्ध करायचा, त्यात कारण हवं, भाग कोणता ते हवं, मुदत हवी. तेव्हा व्हॉट्सॲपवर "आज रात्री बारापासून नेट बंद" असा निरोप फिरला की मी एकच विचारतो, "आदेश कुठाय?" क्रमांक, तारीख, सही नसेल तर ती अफवा. आणि नेट खरंच गेलं असेल आणि आदेश कुठेच नसेल, तर तो वेगळ्या प्रकारचा गंभीर प्रश्न. त्यासाठी प्रश्न २१ पाहा.

७. परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून नेट बंद करणं कायदेशीर आहे का?

माझ्या मते नाही. प्रश्न २ मधली कसोटी लावून बघा: भरती परीक्षा ही अचानक आलेली आपत्ती कशी? तिची तारीख तर महिनेमहिने आधी ठरलेली असते. तरी राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेसाठी आणि आसामात सप्टेंबर २०२४ मध्ये भरतीसाठी नेट बंद झालं. बंगालने मार्च २०२२ मध्ये दहावीच्या परीक्षेच्या काळात काही भागांत असाच आदेश काढला, तो कलकत्ता हायकोर्टाने स्थगित केला.

८. 'नेट बंद' म्हणजे काय काय बंद? पैसे कसे द्यायचे?

आदेशात लिहिलं असेल तेवढंच. बहुतेक वेळा फक्त मोबाईल डेटा थांबवतात. साधे कॉल, अनेकदा एसएमएस, आणि घरातलं फायबर चालू राहतं. कधी एकगठ्ठा एसएमएसही थांबवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये लँडलाइनसकट सगळं गेलं होतं, पण तो टोकाचा प्रकार.

पैशांचं म्हणाल, तर सराफ्यात रात्री भुट्टे का कीस खायला जाणाऱ्यांनी दोन-तीनशे रुपये रोख बाळगावेत, हा सगळ्यात पक्का उपाय. दुसरा, स्टार ९९ हॅश. ही यूपीआयची बिनइंटरनेटची वाट आहे, साध्या फोनवरही चालते, फक्त बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून आणि साधे कॉल चालू असतील तर. २०२२ पासून यूपीआय १२३पे ही कॉल करून पैसे पाठवायची सोयही आहे. दोन्ही आधी एकदा वापरून ठेवा. गडबडीच्या दिवशी पिन आठवत नाही, हा अनुभव आहे.

९. सरकार खासगी कंपनीचं आख्खं नेटवर्क ताब्यात घेऊ शकतं का?

शकतं, दोन दारांनी.

कलम २०(१) चं दार: लोक आपात असेल, त्यात आपत्ती व्यवस्थापनही आलं, किंवा लोकसुरक्षेसाठी गरज असेल, तर केंद्र किंवा राज्य सरकार एखादी सेवा किंवा नेटवर्क तात्पुरतं ताब्यात घेऊ शकतं.

कलम २१ चं दार फक्त केंद्रासाठी, आणि ते मोठं आहे: राष्ट्रीय सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध किंवा युद्ध. तिथे केंद्र एखाद्या नेटवर्कचं नियंत्रण आणि व्यवस्थापन घेऊ शकतं, ते थांबवू शकतं किंवा आपल्याच एखाद्या यंत्रणेच्या हाती देऊ शकतं. कोणती उपकरणं वापरायची नाहीत, हेही सांगू शकतं.

हे कितपत होईल? मला विचाराल तर क्वचित. नेटवर्क ताब्यात घेणं म्हणजे इमारतीला कुलूप लावणं नव्हे. ते चालवायला तीच माणसं, तीच डिझेलची टाकी आणि तोच रात्रपाळीचा इंजिनियर लागतो. त्यामुळे सरकार बहुधा मालकी न घेता हुकूम देतं आणि काम कंपनीकडूनच करवून घेतं.

१०. पूर आला, भूकंप झाला, तर साहेबांचे फोन आधी लागतात आणि आपले नाही?

काही अंशी खरं, आणि ते तसंच असायला हवं. बचाव आणि मदतकार्यात गुंतलेल्या ठरावीक लोकांचे संदेश आधी पुढे पाठवायची व्यवस्था करता येते. तेही कलम २०(१) मध्येच आहे.

ही कल्पना जुनी. ट्रंक कॉलच्या, म्हणजे परगावचा फोन ऑपरेटरकडून जोडून घ्यायच्या दिवसांत साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल अशी उतरंड होती. लाइटनिंगचे पैसे साध्याच्या आठपट. मोठा अपघात झाला की ऑपरेटर मुली लग्नाच्या निरोपाचे कॉल बाजूला सारून हॉस्पिटलचे जोडायच्या. लोक चिडायचे, मग कळलं की गप्प बसायचे. आज तेच काम सॉफ्टवेअर करतं आणि चिडायला समोर कोणी नसतं.

सामान्य माणसाच्या कामाची सोय वेगळी आहे. चक्रीवादळात एका कंपनीचे टॉवर पडले तर दूरसंचार विभाग कंपन्यांना आपसांत रोमिंग उघडायला सांगतो. मग तुमचं सिम कोणाचंही असो, ज्याचा टॉवर उभा आहे त्यावरून फोन लागतो. फोनमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक' ठेवलेली असली की झालं.

११. मोबाईल अचानक भोंग्यासारखा ओरडला आणि इशारा दिसला. सरकार माझ्या फोनमध्ये शिरलं का?

नाही. ते सेल ब्रॉडकास्ट. २०२३ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये त्याच्या बऱ्याच चाचण्या झाल्या, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी घाबरून फोन पाण्याच्या बादलीत टाकला होता.

टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम हाक मारतो, देवळातल्या घंटेसारखी. घंटेला माहीत नसतं कोण ऐकतंय. तुमचा नंबर त्याला लागत नाही, तुम्ही कुठे आहात ते परत कळवलं जात नाही, आणि लाइनी तुंबलेल्या असल्या तरी तो संदेश पोचतो. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही यंत्रणा आहे. आवाज त्रासदायक आहे, मान्य. तो तसाच ठेवलाय.

१२. संकटाच्या काळात सगळ्यांचे फोन ऐकतात का? माझ्या लाइनवर खरखर येते.

खरखर येते ती पावसात भिजलेल्या केबल जॉइंटची. तीस वर्षं हे सांगतोय. आता ऐकायचं झालं तर ते कंपनीच्या स्विचमध्येच होतं, तुम्हाला टिचकीही ऐकू येणार नाही.

'सगळ्यांचे' ऐकायला कायदा परवानगी देत नाही. प्रश्न २ मधल्या पीयूसीएल निकालाने घालून दिलेली चौकट डिसेंबर २०२४ च्या नियमांत आहे: गृहसचिवांचा लेखी आदेश, ठरावीक माणूस किंवा क्रमांक, मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी एकूण १८० च्या पुढे नाही. तातडीच्या प्रसंगी तपास यंत्रणेचा वरिष्ठ अधिकारी आधी सुरू करू शकतो, पण सात कामाच्या दिवसांत मंजुरी नाही मिळाली तर ते थांबवायचं. ही मुभा पाच कारणांसाठीच आहे: देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं. अधिकार नसताना कोणी चोरून ऐकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड. हे आदेश मात्र प्रसिद्ध होत नाहीत. नेटबंदीत आणि यात हाच मोठा फरक.

१३. व्हॉट्सॲपचे मेसेज वाचतात का? आणि ग्रुप ॲडमिनला पकडतात का?

वाटेत अडवून वाचणं जवळपास अशक्य, कारण मजकूर कुलूपबंद जातो. फोनच पोलिसांच्या हातात गेला तर गोष्ट निराळी. संदेश मुळात कोणी पाठवला ते सांगायची सक्ती २०२१ च्या आयटी नियमांत आहे. व्हॉट्सॲपने तिला दिल्ली हायकोर्टात आव्हान दिलं आहे.

ॲडमिनबद्दल: मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिन जबाबदार नाही. पण कलम १६३ चा आदेश लागू असेल आणि त्यात भडकाऊ संदेश पुढे ढकलायला मनाई असेल, तर ढकलणाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. गणेशोत्सवाच्या मंडळांचे ॲडमिन, त्या दिवसांत ग्रुप 'फक्त ॲडमिन' वर ठेवा.

१४. नेट चालू आहे, पण एखादं ॲप किंवा खातंच दिसत नाही. ते कसं?

तो वेगळा कायदा: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲप याच कलमाने गेली. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना आठ हजारांहून जास्त खाती भारतात बंद करायचे आदेश आल्याचं एक्स कंपनीने स्वतः जाहीर केलं. तातडीच्या वेळी माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव आधी बंद करून ४८ तासांत प्रकरण समितीपुढे ठेवू शकतात. हे आदेश नियमांनीच गोपनीय असतात, त्यामुळे प्रश्न ६ मधला "आदेश कुठाय?" इथे चालत नाही. मला ते खटकतं. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात हे कलम कायम ठेवलं; लेखी कारणं द्यावी लागतात आणि ती कोर्टात तपासता येतात, हा आधार धरून.

१५. उद्या खरंच कलम ३५२ ची आणीबाणी लागली, तर काय वाढतं?

नेटवर्कपुरतं बोलायचं तर बटणं तीच, रखवालदार कमी. युद्धाच्या किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीत कलम १९ ची स्वातंत्र्यं थांबतात, म्हणजे अनुराधा भसीन निकालाचा पाया तेवढ्या काळापुरता हलतो. केंद्र राज्यांना थेट निर्देश देऊ शकतं. आणीबाणी सशस्त्र बंडाच्या कारणाने असेल, तर कलम १९ आपोआप थांबत नाही. हा फरक १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने केला. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे घटनेचं कलम २१ (प्रश्न ९ मधलं नव्हे), आता कोणत्याच आणीबाणीत निलंबित करता येत नाही. खासगीपणा त्याच कलमात आहे असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवल्यामुळे टॅपिंगवरची बंधनं तेव्हाही पूर्ण विरघळणार नाहीत.

राज्यात राष्ट्रपती राजवट लागली, जशी डिसेंबर १९९२ मध्ये आपल्याकडे लागली होती, तर यातलं काहीच बदलत नाही. सही करणारा गृहसचिवच राहतो.

१६. १९७५ मध्ये फोन बंद केले होते का?

नाही, आणि गरजही नव्हती. घरोघर फोन होते कुठे? गळा आवळला तो छापखान्याचा. २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली, मग छापण्याआधी तपासणी आली. रेडिओ तर सरकारचाच होता. आपल्या इंदूरच्या 'नई दुनिया'ने निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. आमच्या वडिलांनी तो अंक बरीच वर्षं ट्रंकेत जपला होता. कोरा चौकोन दाखवायचे आणि म्हणायचे, वाच.

१७. नेट बंद असताना व्हीपीएन लावून चालतं का?

डेटाच बंद असेल तर व्हीपीएन (बंद साइट आडवाटेने उघडून देणारं ॲप) म्हणजे विहिरीत पाणी नसताना पोहरा. तो उपयोगी पडतो फक्त निवडक साइट बंद असतील तेव्हा. एरवी व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. पण स्थानिक आदेशात त्याला मनाई असेल तर भानगड होते. काश्मीरमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये यावरून पोलिसांनी गुन्हा दाखल केला होता.

१८. मग सॅटेलाइट फोन किंवा हॅम रेडिओ?

सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगू नका. थुराया आणि इरिडियम कंपन्यांचे असे फोन वापरायला भारतात मनाई आहे, आणि विमानतळावर असा फोन सापडला म्हणून परदेशी पाहुण्यांना अटक झाल्याच्या बातम्या येतात. दुबईहून कोणी 'स्वस्तात' आणून देतो म्हणाला तर नमस्कार करा.

हॅम रेडिओ मात्र कायदेशीर छंद आहे. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात फोन पडले तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले होते. सरकार हा परवानाही थांबवू शकतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी हौशी परवाने स्थगित करून यंत्रं जमा करून घेतली होती.

१९. पत्रकारांना काही सूट?

थोडी. अधिमान्यता असलेल्या वार्ताहरांचे भारतात छापण्यासाठीचे संदेश, त्यावर वेगळी मनाई नसेल तर, अडवता येत नाहीत. नेट बंद असेल तर ते सगळ्यांसाठीच बंद. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण वाहिन्यांना करता येत नाही.

२०. माझा मुलगा अमेरिकेत आहे. तिथे म्हणे राष्ट्राध्यक्षांकडे 'किल स्विच' असतो?

एक लाल बटण असं काही नाही. १९३४ च्या त्यांच्या दळणवळण कायद्याचं कलम ७०६ आहे. त्याने राष्ट्राध्यक्ष युद्धात किंवा युद्धाच्या धोक्यात तारांच्या यंत्रणा बंद करू शकतात वा ताब्यात घेऊ शकतात. रेडिओसाठी राष्ट्रीय आणीबाणीही पुरते. हा कायदा इंटरनेटच्या फार आधीचा, म्हणून तो इंटरनेटला किती लागू, यावर तिथले वकील भांडतात. त्याही आधी, १९१८ मध्ये, विल्सन यांनी देशातल्या टेलिफोन-तार कंपन्या टपाल खात्याच्या हाती दिल्या आणि वर्षभराने परत केल्या. एका झटक्यात देशाचं नेट तोडण्याचं गाजलेलं उदाहरण इजिप्तचं, जानेवारी २०११. सुमारे पाच दिवस.

२१. आदेश चुकीचा वाटला, धंदा बुडाला, तर दाद कुठे मागायची? भरपाई मिळते?

भरपाईची तरतूद स्थगितीच्या नियमांत नाही. रिचार्जचे दिवसही वाढवून द्यायला त्यात सांगितलेलं नाही. छप्पन दुकानवरचा एक कचोरीवाला मला म्हणाला, "काका, नेट गेलं तर यूपीआयचं गिऱ्हाईक जातं, आणि कंपनी म्हणते सरकारला विचारा." बरोबर म्हणाला.

दाद मागायची हायकोर्टात. मुख्यपीठ जबलपूरला असलं तरी आपल्यासाठी इंदूर खंडपीठ इथेच आहे, एम.जी. रोडवर. याचिका कलम २२६ खाली. आदेश आणि पुनरीक्षण समितीचा निष्कर्ष मिळवायला गृह विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. दहा रुपये, तीस दिवस.

अडचण वेळेची आहे. बंदी बहुधा दोन-तीन दिवसांची, याचिका सुनावणीला येईपर्यंत नेट परत आलेलं असतं आणि सरकारी वकील म्हणतात, आता वादाचं कारणच उरलं नाही. म्हणून आदेश दिसला की त्याच दिवशी त्याची प्रत उतरवून ठेवा, क्रमांकासकट. नेट कधी गेलं, कधी आलं ते घड्याळ बघून कॅलेंडरवर लिहा. धंदा असेल तर त्या दिवसाचा गल्ला आणि आदल्या आठवड्यातल्या त्याच वाराचा गल्ला शेजारी शेजारी मांडून ठेवा. वकील पहिल्या भेटीत हेच मागतो.